एका यादीमागचं भांडण

डेबियन लिनक्स संगणकावर चढवायला घेतलं, की भाषा, घड्याळ, पासवर्ड, डिस्कचे भाग असे टप्पे पार पडल्यावर शेवटाकडे एक साधासा पडदा येतो. कोणतं सॉफ्टवेअर टाकायचं, असा प्रश्न आणि खाली चौकोनांपुढे नावं. ग्नोम, एक्सएफसीई, ग्नोम फ्लॅशबॅक, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, माटे, एलएक्सडीई, एलएक्सक्यूटी. ज्याच्यापुढे खूण कराल तो डेस्कटॉप मिळेल.

नवखा माणूस इथे थबकतो. विंडोजने असं कधी विचारलेलं नसतं. फोन तर अजिबात विचारत नाही. पडदा कसा दिसेल ते कंपनीने ठरवलेलं असतं, आपण फार तर वॉलपेपर बदलतो, हौस असेल तर एखादा लाँचर टाकतो. इथे मात्र आठ नावं, त्यातलं एकही ओळखीचं नाही. कुणाला विचारावं तर ठरलेली उत्तरं मिळतात: लॅपटॉप जुना असेल तर एक्सएफसीई घे, विंडोजची सवय असेल तर सिनॅमन घे, नेटकं हवं असेल तर ग्नोम, आणि प्रत्येक बटण इकडचं तिकडे करायची खाज असेल तर केडीई.

सल्ला चुकीचा नाही. पण ही यादी हॉटेलातल्या मेन्यूकार्डासारखी कुणी बसून तयार केलेली नाही. यातलं जवळजवळ प्रत्येक नाव कुठल्या ना कुठल्या भांडणातून आलेलं आहे. आणि सगळ्यात मोठं भांडण रंगरूपाचं नव्हतंच. ते मालकीचं होतं.

पडदा कुणाचा, बटण कुणाचं

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. लिनक्स म्हणजे खरं तर कर्नल: मेमरी, डिस्क, प्रोसेसर यांची वाटणी करणारा आतला भाग. त्याला खिडक्या, मेन्यू, माउस यांच्याशी देणंघेणं नाही. पडद्यावर खिडक्या उमटवायचं काम युनिक्सच्या जगात एक्स विंडो सिस्टिम करायची. ती १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मली, आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ साली आली. एक्सच्या कर्त्यांनी मुद्दाम एक पथ्य पाळलं होतं: खिडकी काढायची सोय आम्ही देऊ, पण ती कशी दिसावी, बंद करायचं बटण डावीकडे असावं की उजवीकडे, हे आम्ही ठरवणार नाही.

तत्त्व म्हणून हे उदार होतं. व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला, की कुणीच काही ठरवलं नाही. प्रत्येक प्रोग्रामची बटणं वेगळी, मेन्यू वेगळे, कॉपी-पेस्टची तऱ्हा वेगळी. एक्ससोबत येणाऱ्या ‘अथीना’ नावाच्या संचातल्या स्क्रोलबारवर डावं बटण दाबलं की मजकूर पुढे सरके आणि उजवं दाबलं की मागे. शेजारच्या खिडकीतल्या प्रोग्रामला हे ठाऊकच नसे.

मोठ्या कंपन्यांनी यावर उपाय काढला होता. एचपी, आयबीएम, सन वगैरेंनी १९९३ साली एकत्र येऊन सीडीई, म्हणजे ‘कॉमन डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट’, जाहीर केलं. पण ते आणि त्याच्या खालचं मोटिफ हे टूलकिट दोन्ही विकाऊ होतं. घरच्या संगणकावर फुकटचं लिनक्स चालवणाऱ्या पोरांना ते परवडणारं नव्हतं. (दोन्ही २०१२ साली मुक्त झाली. तोवर कुणाला त्यांची गरज उरली नव्हती.)

ट्युबिंगनचा विद्यार्थी

१४ ऑक्टोबर १९९६ रोजी जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठातल्या मॅथियस एट्रिश या विद्यार्थ्याने एक जाहीर आवाहन केलं. त्याचं म्हणणं साधं होतं: युनिक्सवर प्रोग्राम पुष्कळ आहेत, पण साध्या वापरकर्त्याला सगळीकडे सारखा वागणारा, एकसंध असा डेस्कटॉप नाही. तो आपण मिळून बनवू. नाव सुचवलं ‘कूल डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट’, कूलची सुरुवात के या अक्षराने. सीडीईला मारलेली ती कोपरखळी होती. पुढे ‘कूल’ गळून पडलं आणि के नुसताच के राहिला.

खिडक्या, बटणं, मेन्यू रंगवायला एक टूलकिट लागतं. टूलकिट म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यासाठी तयार खिडक्या-दारांचं सामान. एट्रिशने नॉर्वेतल्या ट्रोलटेक कंपनीचं क्यूटी निवडलं. तांत्रिकदृष्ट्या ही निवड उत्तम होती. क्यूटी नीट बांधलेलं होतं, त्याची कागदपत्रं चांगली होती आणि मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ते युनिक्सवर फुकट वापरता येत असे. काम झपाट्याने पुढे गेलं. १२ जुलै १९९८ला केडीई १.० बाहेर पडलं आणि ते खरोखर वापरण्याजोगं होतं.

मेख परवान्यात होती. क्यूटीचा सोर्स कोड वाचता येत होता, पण त्यात बदल करून ती बदललेली आवृत्ती इतरांना देता येत नव्हती. म्हणजे फुकट, पण मुक्त नाही. ‘फुकटात मिळतंय ना, मग तक्रार कसली?’ असं आपल्याला सहज वाटतं. पण विचार करा: हजारो माणसांनी आपला वेळ घालून, मोबदला न घेता, एक मोठी इमारत उभी केली आणि ती ज्या जमिनीवर उभी आहे ती एका खाजगी कंपनीची आहे. कंपनी चांगली आहे, मालक सज्जन आहेत, भाडंही घेत नाहीत. पण उद्या कंपनी विकली गेली तर? मुंबईत ज्यांची घरं दुसऱ्याच्या जमिनीवर आहेत त्यांना या प्रश्नाचं गांभीर्य समजावून सांगावं लागणार नाही.

शिवाय कायद्याचीही अडचण होती. केडीईचे बरेच प्रोग्राम जीपीएल या परवान्याखाली होते. जीपीएलची अट अशी, की असा प्रोग्राम वाटायचा तर तो ज्यावर उभा आहे तो भागही तितकाच मुक्त हवा. क्यूटी तसं नव्हतं. म्हणजे केडीई तयार स्वरूपात वाटणं हाच परवानाभंग, असा आक्षेप निघाला. डेबियनने तो गंभीरपणे घेतला आणि ऑक्टोबर १९९८मध्ये केडीई आपल्या संग्रहातून काढून टाकलं. ज्या डेबियनच्या यादीत आज केडीईपुढे निवांत खूण करता येते, त्याच डेबियनमध्ये ते अधिकृतपणे यायला २००२ साल उजाडावं लागलं.

दुसरी चूल

आक्षेप घेणाऱ्यांपुढे दोन वाटा होत्या. एक, क्यूटीची हुबेहूब मुक्त नक्कल करायची. तसा ‘हार्मनी’ नावाचा प्रकल्प निघालाही. दुसरी, वेगळा डेस्कटॉपच उभा करायचा.

दुसरी वाट मेक्सिकोच्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना या दोघांनी धरली. ऑगस्ट १९९७मध्ये त्यांनी ग्नोमची घोषणा केली. दे इकासाने त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीसाठी मुलाखत दिली होती. पदवी पूर्ण नसल्यामुळे व्हिसा मिळण्याजोगा नव्हता, असं तो सांगतो. त्याचा व्हिसा झाला असता तर ही यादी कशी दिसली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

ग्नोमला टूलकिट हवं होतं ते गिम्पमधून मिळालं. गिम्प हा चित्रं संपादित करायचा प्रोग्राम, कॅलिफोर्नियात बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी लिहिलेला. मोटिफला कंटाळून त्यांनी स्वतःपुरतं एक टूलकिट केलं होतं, जीटीके. चित्रांच्या प्रोग्रामसाठी घडवलेलं अवजार अशा तऱ्हेने संपूर्ण डेस्कटॉपचा पाया बनलं. क्यूटीशी तुलना केली तर ते ओबडधोबड होतं. पण पूर्ण मुक्त होतं.

रेड हॅट या कंपनीने जानेवारी १९९८मध्ये ग्नोमवर काम करायला खास प्रयोगशाळाच काढली. उलट, फ्रान्समध्ये गाएल द्युवालने रेड हॅटचंच लिनक्स घेऊन त्यावर केडीई बसवलं आणि जुलै १९९८मध्ये मँड्रेक नावाची नवी डिस्ट्रो आणली. रेड हॅट जे द्यायला तयार नव्हती तेच लोकांना हवं होतं, म्हणून ती चालली. मार्च १९९९मध्ये ग्नोम १.० आलं तेव्हा ते वारंवार कोसळत असे. तत्त्वाने शुद्ध पण चालताना धडपडणारा डेस्कटॉप एका बाजूला आणि गुळगुळीत चालणारा पण संशयास्पद कागदपत्रांचा डेस्कटॉप दुसऱ्या बाजूला, असा तो सामना होता.

मला विचाराल तर ग्नोमवाल्यांचं तत्त्व बरोबर होतं आणि केडीईवाल्यांचं काम. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे त्या काळच्या वादावादीत फार थोड्यांना सुचलं.

भांडणाचा परिणाम मात्र झाला. १९९८ साली ट्रोलटेकने केडीईच्या लोकांसोबत एक प्रतिष्ठान स्थापून लेखी हमी दिली: आम्ही क्यूटीची मुक्त आवृत्ती काढणं थांबवलं, तर प्रतिष्ठानाला क्यूटी अगदी सैल परवान्याखाली सगळ्यांना देऊन टाकता येईल. पुढे परवाना बदलला. नवा परवानाही सगळ्यांना पटेना. अखेर सप्टेंबर २०००मध्ये क्यूटी थेट जीपीएलखाली आलं. रिचर्ड स्टॉलमन यांनी त्यावर लिहिलं, की पूर्वीच्या परवानाभंगाबद्दल केडीईने संबंधित लेखकांकडे माफी मागावी, आमच्या संस्थेच्या कोडपुरती आम्ही ती देऊनच टाकतो. जिंकल्यावर समोरच्याला माफी देण्याचा हा मोठेपणा केडीईवाल्यांना किती रुचला असेल, त्याची कल्पना करता येते.

‘उद्या कंपनी विकली गेली तर?’ हा प्रश्न कल्पनेतला राहिला नाही. ट्रोलटेक २००८ साली नोकियाने घेतली, २०१२ साली क्यूटी नोकियाकडून डिजियाकडे गेलं, पुढे त्याची स्वतंत्र कंपनी झाली. मालक बदलत गेले, केडीई जागचं हललं नाही. १९९८चा तो हमीचा कागद आजही लागू आहे.

कारण संपलं, घर राहिलं

आता प्रश्न असा, की २००० साली भांडणाचं कारणच मिटलं तर ग्नोम गुंडाळलं का गेलं नाही? फुटीचं कारण संपलं म्हणून फुटलेले दोन पक्ष एक होत नाहीत, हे महाराष्ट्रात कुणाला वेगळं सांगायला नको. तोवर ग्नोमची माणसं होती, सवयी होत्या, त्यामागे कंपन्या उभ्या होत्या. सनने सीडीई सोडून ग्नोम घ्यायचं ठरवलं होतं. दोन्ही घरं राहिली.

पण याच वर्षी, मार्च २०००मध्ये, हॅवक पेनिंग्टनने फ्रीडेस्कटॉप नावाचा एक उपक्रम सुरू केला होता. दोन्हीकडच्या लोकांनी तिथे बसून बारीकसारीक गोष्टी ठरवल्या: मेन्यूत प्रोग्रामची नोंद कशी करायची, एका खिडकीतून दुसरीत ओढून कसं टाकायचं, प्रोग्रामांनी आपसात निरोप कसे द्यायचे. या कामाला प्रसिद्धी कमी मिळाली, पण त्यामुळेच आज ग्नोम वापरणारा माणूस केडीईचा व्हिडिओ एडिटर बिनदिक्कत चालवतो. डेबियनच्या त्या पडद्यावर दोन-तीन चौकोनांत खुणा केल्या तरी चालतं तेही म्हणूनच. लॉगिन करताना आज कुठल्या घरात शिरायचं ते ठरवा, उद्या दुसऱ्यात शिरा. फायली त्याच राहतात.

यादीतल्या एक्सएफसीईची गोष्ट म्हणजे याच भांडणाची छोटी प्रतिकृती. ऑलिव्हिए फुर्दान याने १९९६ साली सीडीईसारखा दिसणारा हलका डेस्कटॉप एक्सफॉर्म्स या टूलकिटवर बांधला. एक्सफॉर्म्सचा कोड बंद होता, म्हणून रेड हॅटने तो घ्यायला नकार दिला. त्याने वाद घालत न बसता १९९९ साली सगळा डेस्कटॉप जीटीकेवर पुन्हा लिहिला. तैवानमधून आलेला एलएक्सडीई उलट्या दिशेने गेला: जीटीके सोडून क्यूटीकडे, आणि एलएक्सक्यूटी झाला.

२०११: घरातल्यांचं भांडण

दुसरं मोठं भांडण परवान्याचं नव्हतं. ६ एप्रिल २०११ला ग्नोम ३ आलं. खालची पट्टी गेली, जुना मेन्यू गेला, खिडकी लहान करायचं बटणसुद्धा काढून टाकलं. त्याच महिन्यात उबंटूने ग्नोमचा नेहमीचा पडदा सोडून स्वतःचा युनिटी पुढे केला. ज्यांची बोटं दहा वर्षं एका वळणाने चालत होती त्यांना रातोरात घरातलं फर्निचर हलवल्यासारखं झालं.

खुद्द लिनस टोरवाल्ड्सचा प्रवास बघा. २००५ साली ग्नोम वापरकर्त्याला मूर्ख समजतं असं म्हणत तो लोकांना केडीई वापरायला सांगत होता. केडीई ४ कच्चं निघाल्यावर तो ग्नोमकडे गेला. ग्नोम ३ आल्यावर चिडून एक्सएफसीईकडे. २०१३मध्ये पुन्हा ग्नोमकडे. ज्याच्या नावाने ही प्रणाली ओळखली जाते त्यालाही योग्य डेस्कटॉप एकदाचा सापडला नाही, तर तुम्ही-आम्ही त्या यादीपुढे अडखळलो यात नवल नाही.

बहुतेक सॉफ्टवेअरच्या बाबतीत अशी चीड चिडण्यावरच संपते. ॲपचं नवं रूप आवडलं नाही तर एक तारा देऊन गप्प बसायचं. इथे तसं झालं नाही. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने ग्नोम २चा सगळा कोड उचलला, आतली नावं बदलली, म्हणजे नव्या ग्नोमशी टक्कर होऊ नये, आणि तो चालू ठेवला. त्याला तिकडच्या आवडत्या पेयाचं नाव दिलं, माटे. लिनक्स मिंटवाल्यांनी ग्नोम ३चाच गाभा घेऊन त्यावर जुन्या वळणाचा सिनॅमन बांधला. ग्नोमच्या फाइल मॅनेजरचं नाव नॉटिलस, ज्यूल व्हर्नच्या पाणबुडीवरून; सिनॅमनने तो फोडून आपला केला तेव्हा नाव ठेवलं निमो, त्याच पाणबुडीच्या कप्तानाचं. पाणबुडी तुमची असेल, कप्तान आम्ही. उबंटूने २०१७मध्ये युनिटी सोडला आणि ग्नोमकडे परतला.

या सगळ्याची किंमत होती आणि ती थोडी नव्हती. तीच कामं दोनदा, चारदा झाली. फाइल मॅनेजर पाच, सेटिंग्जचे पडदे पाच, आणि प्रिंटर चालत नाही ही तक्रार पाचही ठिकाणी. घरोघरच्या संगणकांवर विंडोजला हटवायचं स्वप्न प्रत्यक्षात आलं नाही, त्याला या वाटणीचाही हातभार लागला असं मला वाटतं.

वेलांटीचा प्रश्न

त्या दोन घरांत एक काम मात्र असं झालं, ज्याच्याशी हा लेख वाचणाऱ्याचा थेट संबंध आहे.

‘कि’ हे अक्षर घ्या. संगणकाच्या मेमरीत आधी क असतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसली पाहिजे. ‘र्क’मधला र सगळ्यात आधी लिहिलेला, पण दिसतो डोक्यावर. जुन्या एक्सला हे झेपत नव्हतं. एक खूण, एक चित्र, ती एका ओळीत मांडायची, इतकंच त्याला माहीत. देवनागरी तशीच मांडली तर वेलांट्या भलत्या अक्षरांना चिकटतात आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात.

ग्नोमच्या बाजूला यासाठी पँगो लिहिलं गेलं. नाव ग्रीक ‘पॅन’ म्हणजे सर्व आणि जपानी ‘गो’ म्हणजे भाषा यांची जोडणी. २००२च्या ग्नोम २ मध्ये ते आलं. केडीईच्या बाजूला क्यूटीने आपली वेगळी सोय केली. दोघांच्या मुळाशी फ्रीटाइप या फाँट रंगवणाऱ्या प्रकल्पातला कोड होता, आणि दोन्हीकडे तो वेगवेगळा वाढत होता. पुढे दोन्हीकडच्या माणसांनी ते तुकडे एकत्र आणले. या सामायिक कोडला इराणी वंशाच्या बेहदाद एस्फाबोद याने फारसी नाव दिलं, हार्फबझ. हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे खुलं.

फाँटचीही सोय हवी होती. रेड हॅटने २००४ साली लोहित ही भारतीय लिप्यांच्या फाँटची मालिका मुक्त परवान्याखाली दिली. ती मुळात घडवली होती पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने. मराठी छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षं चाललेली श्रीलिपी त्यांचीच.

आज अँड्रॉइड अक्षरांची मांडणी हार्फबझकडून करून घेतं. क्रोम आणि फायरफॉक्सही. तुमच्या फोनवर ‘वेलांटी’ हा शब्द आत्ता धड दिसत असेल, तर त्यामागे ही दोन घरांची बेरीज आहे.

आणि ब्राउजर? केडीईला १९९०च्या दशकाच्या अखेरीस आपला ब्राउजर हवा होता. त्यासाठी केएचटीएमएल नावाचं इंजिन लिहिलं गेलं. १९९९पासून त्याची मुख्य घडण लार्स नॉल याने केली. क्यूटीच्या बाजूने हार्फबझमध्ये हात घालणाऱ्यांतही तो होता. जानेवारी २००३मध्ये ॲपलने सफारी जाहीर केला तेव्हा कळलं, की आतलं इंजिन केएचटीएमएल आहे. कोड छोटा आणि स्वच्छ होता म्हणून ॲपलने तो निवडला. परवान्यामुळे ॲपलला बदल उघड करावे लागले, पण सुरुवातीला ते एकगठ्ठा, न उलगडणाऱ्या ढिगांत येत, आणि केडीईवाल्यांनी त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. २००५मध्ये वेबकिट नावाने ते काम खुलं झालं. २००८च्या क्रोमने वेबकिट घेतलं, २०१३मध्ये गूगलने त्यातून ब्लिंक फोडून काढलं.

केडीईने स्वतः आता केएचटीएमएल सोडून दिलं आहे. २०२४च्या केडीई फ्रेमवर्क्स ६ मध्ये ते नाही. केडीईचा कॉन्करर ब्राउजर हल्ली क्रोमच्या कुळातलं इंजिन वापरतो, म्हणजे आपल्याच पणतवंडाकडे राहायला गेला आहे. पण प्रत्येक ब्राउजर पान मागताना त्या संकेतस्थळाला आपली ओळख सांगणारी एक लांबलचक ओळ पाठवतो. फोनवरचा क्रोम असो की सफारी, त्या ओळीत, कंसात, अजूनही लिहिलेलं असतं: केएचटीएमएल, लाइक गेको.